तीन ग्रॅम शेण

चौथ्या दिवशी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी मेथीचा पहिला कोंब वर आला. मान वाकवून त्याने मातीचं एक ढेकूळ डोक्यावर तोलून धरलं होतं. ढेकळाचं वजन किती हे पाहावं म्हणून मी ते चिमट्याने उचलून काट्यावर ठेवलं. शून्य पूर्णांक चार दशांश ग्रॅम. पण ओझं मीच उतरवल्यामुळे कोंबाने ते स्वतः केव्हा बाजूला सारलं असतं हे आता कळणार नव्हतं. प्रयोग पहिल्याच निरीक्षणात बाद झाला. तरी मी आणखी वीस मिनिटं तिथे उभी राहिले, कारण घरात माझ्याखेरीज दुसरं काहीतरी हलत होतं.

मेथी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पेरली होती. का पेरली हे सांगायचं तर आधी मंगळवारांविषयी सांगावं लागेल.

आमची नीलमोहर सोसायटी सहकारनगरात आहे. तीन मजले, बारा सदनिका, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. ही तक्रार नाही, पत्ता आहे. गेल्या जूनमध्ये सोसायटीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला: जुनी इमारत पाडायची, तीन वर्षं सगळ्यांनी भाड्याच्या घरात राहायचं, मग लिफ्टवाल्या नव्या इमारतीत परत यायचं. अकरा सभासदांनी पंधरवड्यात होकार दिला. बारावी सभासद म्हणजे मी. मी म्हणाले, “विचार करते.”

कायद्याने अर्ध्याहून अधिक सभासदांची संमती पुरते. पण अध्यक्ष यज्ञेश्वर खांबेटे यांचा हट्ट असा की एकाही सभासदाला बाहेर ठेवून इमारत पाडायची नाही. “बारा म्हणजे बारा. डझनात अकरा केळी द्यायला मी भाजीवाला नाही,” असं ते म्हणाले. त्यामुळे दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता खांबेटे आणि चिटणीस प्रज्ञेश शिधये माझ्या शंकांचं निरसन करायला वर येऊ लागले.

शंका खऱ्या होत्या. मी खडकीला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं स्फोटकांची स्थिरता तपासली आहे. न तपासता सही करणं माझ्या हाताला जमत नाही. भूकंपाचा विभाग कोणता, पायाखालचा खडक किती खोल, पाण्याच्या टाकीची क्षमता माणशी किती लिटर, असं मी विचारत असे. ते पुढच्या मंगळवारी उत्तर आणत. मी चहा करत असे. मी सहा नवे कप आणले. येणारे दोघेच होते, पण कप सहाच्या संचातच मिळतात.

आता एक आकडा देते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. प्रस्ताव येण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत माझ्या दारावरची बेल आठवड्याला सरासरी दीड वेळा वाजली. त्यांतली एक वेळ मजला चुकलेल्या माणसाची. प्रस्तावानंतर ही सरासरी चारवर गेली. माझ्या सगळ्या शंकांची समाधानकारक उत्तरं मला ऑगस्टमध्येच मिळाली होती. सप्टेंबरपासूनच्या शंका मी रविवारी बसून तयार करत असे.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगताना मी ‘सखोल अभ्यास’ असा शब्द वापरत असे.

जानेवारीत मी विचारलं की नव्या इमारतीच्या गिलाव्यात वाळू कोणत्या नदीची असेल. प्रज्ञेशने वही मिटली. पुढच्या मंगळवारी पाच वाजले, साडेपाच वाजले, कोणी आलं नाही. सहा वाजता मी आधण ठेवलेला गॅस बंद केला, आइस्क्रीमचा डबा शोधला आणि भिजवलेल्या मेथ्या पेरल्या.

त्या डब्यातून एकूण बासष्ट ग्रॅम भाजी निघाली. शिजल्यावर ती एका वाटीत मावली आणि वाटी अर्धी रिकामी राहिली. मी ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ली. उत्तम होती. चांगली झालीये असं मोठ्याने म्हणावंसं वाटलं, पण ऐकणारा फ्रिज होता.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अकरा डबे झाले आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. वांगी, भेंडी, मिरची यांना ऊन जास्त लागतं. ऊन गच्चीवर होतं. गच्ची सोसायटीची होती. मी अर्ज केला: बारा पिशव्या, विषमुक्त भाजी, संपूर्ण सेंद्रिय. खांबेट्यांनी गच्चीवर येणाऱ्या भाराची आकडेमोड मागितली. ती मी दिली. ओल्या मातीची प्रत्येक पिशवी तीस किलो, एकूण तीनशे साठ. तुलनेसाठी हेही लिहिलं की गेल्या कोजागिरीला गच्चीवर सव्वीस सभासद व कुटुंबीय होते, सरासरी अडुसष्ट किलो धरता एकूण सतराशे अडुसष्ट. सरासरी मी सौजन्याने कमी धरली होती.

अर्जाच्या समासात खांबेट्यांनी लाल शाईने शेरा मारला: “सभासद कोजागिरीनंतर खाली उतरतात.”

तरीही परवानगी मिळाली. अटी तीन. पिशव्या भिंतीलगत तुळईच्या रेषेवर ठेवणे. पूर्वेकडची अर्धी गच्ची उन्हाळ्यात वाळवणासाठी मोकळी सोडणे. आणि ‘सदर बागेपासून होणाऱ्या सुखास अथवा दुःखास संस्था जबाबदार राहणार नाही.’ एवढ्या सहज परवानगी का दिली, हे मला जिन्यात कळलं. प्रज्ञेश फोनवर कोणाला तरी सांगत होता, “अरे, लावू दे ना भेंडी! त्यांना दुखवायचं नाहीये आत्ता. एक सही अडकलीये.”

मी दोन पायऱ्या मागे गेले आणि चपलांचा आवाज करत पुन्हा उतरले. त्याला संकोच वाटू नये म्हणून. संकोच मला वाटला होता, पण त्यासाठी वेगळ्या पायऱ्या नव्हत्या.

मार्चमध्ये वांग्यांवर पांढरे कापसासारखे ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण. त्या ठिपक्यांनी माझ्याकडे इतकी माणसं आणली की त्यांचे आभार मानावेत की त्यांना मारावं हे कळेना. गच्चीवर चालायला येणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देऊ लागला. कोणी म्हणालं ताक शिंपडा, कोणी हिंगाचं पाणी, कोणी लसूण. खांबेटे म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही त्यांना शंका विचारा. कंटाळून जातील.”

माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली आहे. त्या क्षणी तिचा काही उपयोग झाला नाही.

पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारी पायल आयटीत आहे. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “काकू, जीवामृत ट्राय करा ना! झाड आतून स्ट्राँग झालं की हे असले किडे टिकतच नाहीत. रील बघा, लिटरली दोन आठवड्यांत पानं शाइन करतात.”

“प्रमाण काय?”

“प्रमाण असं... बाय फील करतात, काकू.”

बाय फील मला काहीच करता येत नाही. मी वाचून काढलं. एका एकराला दोनशे लिटर पाणी, देशी गाईचं दहा किलो ताजं शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आता माझ्या बारा पिशव्यांचं एकूण क्षेत्रफळ एक पूर्णांक एक दशांश चौरस मीटर. एकर म्हणजे चार हजार सत्तेचाळीस. त्रैराशिक मांडलं. मला बेसन अर्धा ग्रॅम लागणार होतं. शेण दोन पूर्णांक सात. सोयीसाठी तीन ग्रॅम धरलं.

शेण ऑनलाइन मिळतं, पण ते थापून, वाळवून, चकचकीत कागदात गुंडाळून येतं. ताजं हवं तर गाईपाशी जावं लागणार. खांबेट्यांच्या घरी कामाला येणारी मैना म्हणाली, “माझे मामा हायेत लोणी काळभोरला. आप्पासाहेब. दोन देशी गाया हायेत त्यांच्याकडं.” म्हणून मी एका शनिवारी बसने लोणी काळभोरला गेले. सोबत झाकणाची काचेची बाटली घेतली होती, निर्जंतुक केलेली.

आप्पासाहेबांनी चहा दिला, गाई दाखवल्या, मग विचारलं, “किती रान हाय म्याडम?”

“एक पूर्णांक एक.”

“सव्वा एकर धरा.”

“चौरस मीटर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग गोठ्यातल्या बायकोला हाक मारली. “आगं, इकडं ये. ह्या ताईंना तीन ग्राम श्यान पायजे.” ती पदर तोंडाला लावून आत पळाली. आप्पासाहेब हसले नाहीत. फार सभ्य माणूस. “हे बघा ताई,” ते म्हणाले, “गाईला एवढं बारीक जमत न्हाई. शेळी बघा हवं तर.”

परत निघाले तेव्हा माझ्याकडे एक पूर्ण बादली शेण आणि पाच लिटर गोमूत्राचा कॅन होता. नाही म्हणायची सोय नव्हती. लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं असं त्यांचं मत पडलं. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, “बादलीत काय हाय?” मला खोटं बोलता येत नाही. हडपसर येईपर्यंत चौदा माणसं उभी होती आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती. त्या जागेवर मी पिशवी ठेवली. तशी मला सवय आहे. सिनेमालाही मी तसंच करते.

आता बादलीभर शेण आलं म्हटल्यावर त्रैराशिक उलटं करावं लागलं. पन्नास लिटरचं निळं पिंप आणलं. त्यात पाणी, शेण, गोमूत्र, बेसन आणि अर्धी ढेप गूळ. तोंडाला फक्त सुती फडकं बांधलं, कारण आंबताना वायू तयार होतो आणि त्याला बाहेर जायला वाट लागते. पिंपावर सूचना चिकटवली: ‘घट्ट झाकण लावू नये.’ दिवसातून दोनदा लाकडी दांडक्याने ढवळायचं, डावीकडून उजवीकडे.

वास आला. तो येणारच होता. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर आधी ‘कोणाची ड्रेनेज लाइन तुंबली आहे का?’ अशी विचारणा झाली, मग ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली कोणीतरी लिहिलं, ‘मॉर्निंग ठीक, गुड कसली?’ मी वायूंची नावं आणि ते या तीव्रतेला निरुपद्रवी असल्याचं सविस्तर लिहून पाठवलं. त्यावर पायलने अंगठा दाखवला. बाकी कोणी काही लिहिलं नाही. मी फोन दोनदा बंद करून चालू केला.

चौथ्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी, विकासकाचा माणूस गच्ची मोजायला येणार होता. केयूर नाव, पांढरा शर्ट, हातात लेसरचा टेप. तो येण्यापूर्वी वास कमी व्हावा म्हणून प्रज्ञेशने सकाळी नऊ वाजता पिंपाला झाकण लावलं. नुसतं लावलं नाही, कडी दाबून वर चिकटपट्टीचे चार फेरे मारले. सूचना त्याने वाचली होती. त्याच्या मते ती लहान मुलांसाठी होती.

तापमान चाळीस होतं. पिंपात गूळ होता.

सव्वाबारा वाजता मी ढवळायला वर गेले. केयूर मोजत होता, प्रज्ञेश वही धरून उभा होता. पूर्वेच्या बाजूला जुन्या साड्यांवर मंदाकिनीवहिनींच्या कुरडया वाळत होत्या. वहिनी म्हणजे खांबेट्यांच्या पत्नी. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून, खुर्चीत बसून त्यांनी सोऱ्या फिरवला होता. मैनाने ताटं वर आणून मांडली होती. साडेतीनशे कुरडया, पांढऱ्या, नीटस. मी पिंपाकडे पाहिलं. झाकणाला मध्यभागी दोन बोटं फुगवटा आला होता. मी म्हणाले, “प्रज्ञेश, मागे व्हा.” माझा आवाज लहान आहे. प्रयोगशाळेत तो पुरत असे, कारण तिथे लोक ऐकत.

एकतीस वर्षांत माझ्या देखरेखीखाली एकही गोष्ट उडाली नव्हती.

झाकण सात मीटर सव्वीस सेंटिमीटर अंतरावर पडलं. अंतर अचूक आहे. केयूरने नंतर त्याच्याच टेपने मोजलं. बिचाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याचा शर्ट, प्रज्ञेशची वही आणि साडेतीनशे कुरडया, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. प्रज्ञेशने तोंड पुसलं आणि विचारलं, “हे विषारी असतं का?”

“नाही,” मी म्हणाले. “तुम्ही आता आतून स्ट्राँग व्हाल.”

हे मी का बोलले मला माहीत नाही. मी असं बोलत नाही.

संध्याकाळी फलकावर विशेष सभेची सूचना लागली. विषय एक: ‘गच्चीवरील स्फोट’. मी खाली जाऊन पेन्सिलने ‘स्फोट’ शब्दाखाली रेघ ओढली आणि ‘झाकण उडणे’ असं लिहिलं. शब्द बरोबर हवेत. विषय दोन: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा’. तो गेले दहा महिने एकच होता: माझी सही.

कुरडयांचं वहिनींना कोणी सांगायचं हा प्रश्न होता. मैनाने हात वर केले. “तुमीच सांगा ताई. मी न्हाय सांगनार. त्यांचं सुजलेलं मनगट बघितलंय मी.”

दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारासमोर मी थोडा वेळ उभी राहिले. या दारावरून मी दिवसातून दोनदा तरी जाते. दहा महिन्यांत इथली बेल मी एकदाही वाजवली नव्हती. आपल्या दाराची बेल किती वेळा वाजते याची मी नोंद ठेवली; बेल दुसऱ्यांच्या दारालाही असते, ही बाब निरीक्षणातून सुटली. इतकी मोठी चूक एखाद्या शिकाऊ मुलीने केली असती तर मी तिला वही पुन्हा लिहायला लावली असती.

वहिनी खिडकीपाशी खुर्चीत होत्या, पाय स्टुलावर. मी सगळं क्रमाने सांगितलं, दाबासकट. त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

“साडेतीनशेच्या साडेतीनशे?”

“चार वाचल्या. टाकीच्या मागच्या.”

“मग त्या तुझ्या. बस गं, वल्लरी. आणि तुझं ते शेत कसं दिसतं ते सांग. हे सांगतात पण यांना वांगं आणि मिरची एकच.”

मी सांगितलं. वांग्याची सात फुलं, भेंडीचं पिवळं फूल मधोमध जांभळं, सकाळी येणारी एक छोटी काळी माशी. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी खाली उतरले त्याला तेरा महिने झाले. गुडघ्यांचा फोटो काढायला नेलं होतं. चौघांनी खुर्चीसकट उचललं. जिन्यात हे म्हणाले, पालखी सांभाळा, वळणावर देव धडकेल. मी पण हसले. पण घरी आल्यावर ठरवलं, आता उतरायचं ते एकदाच. तेव्हाही चौघंच लागतील.”

मी मनात जिन्याच्या पायऱ्या मोजू लागले.

“यांनी तुला हे सांगितलं नसेलच,” त्या म्हणाल्या.

“नाही. खडकाबद्दल सांगितलं. टाकीबद्दल सांगितलं.”

“ते नाहीच सांगायचे. बायकोचे गुडघे दाखवून सही मागणार नाही म्हणतात. पण मंगळवारी तुझ्याकडून आले की खूश असायचे हो. म्हणायचे, आज डॉक्टरांनी खडक काढला. तू तुझा विचार सावकाश कर. तुझंही एकटीचं घर आहे, मोडणं सोपं नाही.”

त्या मला जायला सांगत नव्हत्या आणि थांबायलाही सांगत नव्हत्या. मी दीड तास बसले. निघताना लक्षात आलं की तीन वर्षं ही माणसं कुठे कुठे विखुरतील, वहिनी कोणत्या उपनगरात असतील, आणि भाड्याच्या घरात माझ्या दाराची बेल कोण वाजवेल, याचं उत्तर कोणत्याही आराखड्यात नाही. ही माझी एकमेव खरी शंका होती आणि ती मी कधीच विचारली नव्हती.

सभा रविवारी सकाळी दहाला वाहनतळात भरली. मी चार पानी खुलासा लिहून आणला होता, आकृतीसह. प्रज्ञेश अजून माझ्यापासून दोन मीटरवर बसत होता. त्याने बाग हटवण्याचा ठराव मांडला. कोणीतरी म्हणालं, चूक झाकण लावणाऱ्याची. कोणीतरी म्हणालं, मुळात शेण आणणाऱ्याची. पायल म्हणाली, “पण काकूंची भेंडी किती क्यूट आलीये, प्लीज!” वीस मिनिटं असं चाललं. माझा खुलासा वाचायला कोणी मागितला नाही. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. अपमान पचवायला मला साधारण चार मिनिटं लागतात. त्या दिवशी कमी लागली.

शेवटी खांबेट्यांनी टेबलावर पेन आपटलं. “हे पाहा, बाग राहील. पिंप जाईल. कुरडया ज्यांच्या होत्या त्यांची तक्रार नाही, तेव्हा तुम्ही कोण? विषय संपला.” मग माझ्याकडे न पाहता चष्मा पुसत ते म्हणाले, “विषय दोन. डॉक्टर, पुनर्विकासाबद्दल आपलं काय?”

सगळ्यांनी खुर्च्या सावरल्या, उठायच्या तयारीत. उत्तर त्यांना पाठ होतं. मी ‘विचार करते’ म्हणाले असते तर कोणीही रागावलं नसतं. बागेच्या निमित्ताने ते दोघे मंगळवारी पुन्हा येऊही लागले असते. सहा कप होते. पावसाळ्यासाठी मी दोडक्याचा विचार करत होते.

खांबेट्यांनी इतिवृत्ताची वही ओढली आणि लिहायला लागले. मला उलटं वाचता येतं. प्रयोगशाळेत लागलेली सवय आहे. ‘सदनिका क्रमांक बारा: विचार करतील’ असं त्यांनी माझी वाट न पाहता लिहून टाकलं होतं.

“ते खोडा,” मी म्हणाले.

“काय?” खांबेटे म्हणाले. माझा आवाज लहान आहे, म्हणून मी उभी राहिले.

“ते खोडा, आणि लिहा. माझी संमती आहे.”